आयकर पोर्टलवरची थकबाकीला उत्तर देण्याची सोय: वापरून पाहिल्यावर

आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर आपण बहुतेक जण वर्षातून एकदा जातो. रिटर्न भरतो, ओटीपी टाकून पडताळणी करतो, रिफंड खात्यात आला की पोर्टल विसरून जातो. त्याच पोर्टलवर ‘पेंडिंग ॲक्शन्स’ नावाचा मेनू आहे आणि त्यात ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ अशी एक ओळ आहे. खात्याच्या हिशेबाने तुमच्याकडे कर थकलेला असेल तर तो तिथे दिसतो, आणि तो आकडा तुम्हाला मान्य आहे की नाही हेही तिथेच सांगायचं असतं. हे परीक्षण फक्त त्या सोयीचं आहे. माझ्या थोरल्या भावासाठी मी ती वापरली. तिचा उपयोग झाला. पण दादाने ती वेळेवर उघडली असती तर मधल्या दोन-तीन वर्षांचा मनस्ताप झालाच नसता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दादाचं प्रकरण. निवृत्तीच्या आधी तो एका खासगी कंपनीत स्टोअरमध्ये होता. कंपनी दर महिन्याला पगारातून टीडीएस, म्हणजे पगार देतानाच वजा होणारा कर, कापायची, पगारपत्रकावर तो आकडा छापलेला असायचा. शेवटच्या वर्षी कंपनीने कापलेला कर सरकारकडे पूर्ण भरलाच नाही, आणि पुढे ती बंद पडली. दादाने रिटर्न भरताना पगारपत्रकांप्रमाणे सगळा टीडीएस दाखवला. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीपीसीत, रिटर्न तपासलं जातं तेव्हा तिथला संगणक फॉर्म २६ एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद, पाहतो. तिथे जेवढा कर जमा दिसेल तेवढाच धरला जातो. उरलेला कर आणि त्यावरचं व्याज मिळून आकारणी वर्ष २०२१-२२ साठी (आकारणी वर्ष म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) ४८,६०० रुपयांची मागणी निघाली. कलम १४३(१) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून खात्याने पाठवलेलं पत्र, आली ती ई-मेलवर, एक पीडीएफ. कोष्टकाच्या एका रकान्यात तुम्ही सांगितलेले आकडे, शेजारच्या रकान्यात खात्याने धरलेले आकडे, आणि सगळ्यात खाली देय रक्कम.

दादाचं म्हणणं एकच होतं. “अगं, माझा कर पगारातूनच कापला गेलाय. त्यांनी कंपनीला विचारावं. मी कशाला उत्तर देऊ?”

आणि त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं, हेच मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आयकर कायदा, १९६१ चं कलम २०५ स्पष्ट सांगतं की ज्या उत्पन्नातून उगमस्थानी कर कापला गेला आहे, तेवढ्या कराची मागणी त्या करदात्याकडे पुन्हा करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ सालीच पगारदाराच्या बाजूने असा निकाल दिलेला आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने अधिकाऱ्यांना कळवलं की टीडीएस न जुळल्यामुळे निघालेली मागणी करदात्याकडून सक्तीने वसूल करू नये, आणि ११ मार्च २०१६ ला त्याची पुन्हा आठवण दिली. एवढं सगळं दादाच्या बाजूने होतं. पण सीपीसीतल्या संगणकाला हे कोण सांगणार? त्याच्याकडे दादाची पगारपत्रकं नाहीत, कंपनी बंद पडल्याची बातमी नाही. त्याच्याकडे फक्त एक न जुळणारा आकडा आहे, आणि समोरून काहीच उत्तर आलेलं नाही. उत्तर न देणारा करदाता आणि खरोखर कर बुडवणारा करदाता, दोघे नोंदीत अगदी सारखे दिसतात.

मागणीची नोटीस बजावल्यापासून पैसे भरायला ३० दिवस असतात. १४३(१) ची इंटिमेशन हीच मागणीची नोटीस धरली जाते, वेगळं जाडजूड पाकीट येईल म्हणून वाट पाहत बसू नये. ते ३० दिवस उलटले की कलम २२० प्रमाणे करदाता कसूरदार धरला जातो, आणि दरमहा १ टक्का साधं व्याज चालू होतं. महिन्याचा एक दिवस जरी उलटला तरी पूर्ण महिना मोजतात. दादाच्या रकमेवर महिन्याला ४८६ रुपये होत होते, म्हणजे वर्षाला ५,८३२. तीन वर्षं कुणी हललंच नाही तर १७,४९६ रुपये नुसतं व्याज. शिवाय कलम २२१ मध्ये दंडाची तरतूद आहे. तो थकलेल्या कराच्या रकमेइतका जाऊ शकतो. दंड लावण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, पण ते ऐकवायलाही तुम्हाला हजर असावं लागतं.

दादाच्या बाबतीत पहिला दणका रिफंडचा बसला. निवृत्तीनंतर त्याचं उत्पन्न करपात्र राहिलं नव्हतं, पण बँकेने ठेवींवरच्या व्याजातून टीडीएस कापला होता. तो परत यायचा होता, आला नाही. वहिनी मला म्हणाली, “वन्सं, सगळ्यांचे रिफंड आले, यांचाच कसा अडकला?” अडकला नव्हता. कलम २४५ प्रमाणे तो जुन्या मागणीत वळता झाला होता. तसं करण्याआधी खातं कळवतं आणि उत्तराला मुदतही देतं. ते कळवणं दादाच्या ई-मेलवर आलेलं होतं, इतर पन्नास जाहिरातींच्या मेलखाली न उघडता पडलेलं. त्यानंतर मात्र क्षेत्रीय आयकर अधिकाऱ्यांचं पत्र आलं, त्यात वसुलीची भाषा होती, आणि मग ते माझ्या हातात आलं.

मी घाबरले, आणि त्याला कारण होतं. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. कलम २२६(३) ची नोटीस शाखेत आली की काय होतं ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय. नोटिशीत करदात्याचं नाव, पॅन आणि रक्कम असते. शाखा त्या पॅनची सगळी खाती काढते: बचत, चालू, मुदत ठेवी. रकमेपुरतं लीन लागतं, म्हणजे तेवढे पैसे अडवून ठेवले जातात, आणि नोटिशीत सांगितल्याप्रमाणे ते आयकर खात्याकडे वर्ग करावे लागतात. पुढे त्या खात्यात येणारे पैसेही त्यात सापडू शकतात. बँकेने हे केलं नाही तर त्या रकमेपुरती बँकच कसूरदार ठरते, त्यामुळे ग्राहक कितीही जुना असो, शाखाधिकाऱ्याच्या हातात काही उरत नाही. खातं नवरा-बायकोचं संयुक्त असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचा हिस्सा समान धरला जातो. म्हणजे बायकोला तिचे पैसे जास्त आहेत हे कागदाने दाखवावं लागतं.

एक गृहस्थ मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्यांनी दिलेला चेक परत गेला म्हणून ते तणतणत शाखेत आले होते. मी त्यांना नोटीस दाखवली, तर त्यांनी हातातल्या कापडी पिशवीतून आयकर खात्याची पाकिटं काढून काउंटरवर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं, कडा सरळ, गोंद तसाच. त्यांनी कर भरलेला होता. चलनावर आकारणी वर्ष चुकीचं पडलं होतं, त्यामुळे पैसे एका वर्षाला जमा आणि मागणी दुसऱ्या वर्षाला उभी. पहिल्या पाकिटातच त्याचा उलगडा होता. आज अशी चूक झाली तर पोर्टलवर चलन दुरुस्तीची वेगळी सोय आहे. तिची मुदत मात्र दिवसांत मोजावी इतकी छोटी आहे, त्यामुळे कर भरला की त्याच दिवशी चलनाची पावती नीट वाचावी.

आता सोयीकडे येते. दादाच्या लॉगिनने आत गेले. (पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, आधारच्या ओटीपीने नवा केला.) आधी एक गोष्ट तपासली, ती लॉगिन न करताही तपासता येते. पोर्टलच्या मुखपृष्ठावर खात्याने पाठवलेली नोटीस किंवा आदेश खरा आहे का ते पाहण्याची लिंक आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन, म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक, असावा असा नियम आहे. तो क्रमांक आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकला की पत्र खरं की बनावट ते समोर येतं. हल्ली आयकराच्या नावाने इतके खोटे मेल फिरतात की लोकांनी खरे मेलही उघडायचे बंद केले आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण संशय आला तर मेलमधल्या लिंकवर बोट न लावता स्वतः पोर्टलचा पत्ता टाइप करून ही तपासणी करावी. दोन मिनिटांचं काम आहे. या एका लिंकसाठी मी पोर्टलला पूर्ण गुण देते.

पत्र खरं निघालं. मग ‘पेंडिंग ॲक्शन्स’ आणि त्याखालची डिमांडची ओळ. तिथे आकारणी वर्ष, कोणत्या कलमाखाली मागणी, मागणीचा संदर्भ क्रमांक, रक्कम, व्याज, सगळं एका जागी होतं. आणि उत्तर देण्याचं बटण. ते दाबलं की मुख्यतः दोन पर्याय येतात: मागणी बरोबर आहे, किंवा मागणी पूर्ण अथवा अंशतः अमान्य आहे.

इथे थांबा, कारण माणसं इथेच फसतात. कटकट मिटावी म्हणून ‘बरोबर आहे’ निवडलं की ते नंतर फिरवता येत नाही. पोर्टल तशी सूचना देतं, पण घाईत कोण वाचतं? ज्यांना मागणी खरोखर मान्य आहे त्यांनी तो पर्याय निवडावा आणि तिथूनच पैसे भरावेत. भरताना ‘डिमांड पेमेंट ॲज रेग्युलर असेसमेंट टॅक्स’ हा ४०० क्रमांकाचा प्रकार आणि योग्य मागणीचा संदर्भ क्रमांक आहे ना ते पाहावं. बाहेरून ‘सेल्फ असेसमेंट’ म्हणून भरलं, तर पैसे जातात आणि मागणी जागच्या जागी राहते. मग त्यासाठी वेगळी धावपळ. ज्यांना एकदम सगळी रक्कम जमणार नाही, त्यांना ३० दिवसांच्या आत अधिकाऱ्याकडे मुदतवाढ किंवा हप्ते मागता येतात. ही सवलत कायद्यातच आहे, कलम २२०(३) मध्ये. मुदत उलटून गेल्यावर मात्र त्या अर्जात तेवढं बळ राहत नाही.

आम्ही ‘अमान्य’ निवडलं. मग कारण विचारतात: पैसे आधीच भरलेत, दुरुस्तीने मागणी कमी झाली आहे, अपील केलं आहे, अशी यादी येते. प्रत्येक कारणाप्रमाणे पुढचे रकाने बदलतात, चलनाचा क्रमांक, अपिलाची तारीख वगैरे. हे मला फार आवडलं. माणसाला नेमकं काय सांगायचं आहे ते त्याच्याकडून काढून घेण्याची ही पद्धत चांगली आहे, कोऱ्या कागदावर अर्ज लिहायला बसवण्यापेक्षा कितीतरी बरी. दादाचं कारण मात्र त्या यादीत सरळ सापडेना, म्हणून ‘इतर’ खाली लिहिलं. मालकाने कापलेला पण न भरलेला टीडीएस हा देशभरातल्या पगारदारांचा नेहमीचा प्रश्न आहे. कापल्याचा पुरावा जोडायच्या रकान्यासह त्याची स्वतंत्र, ठळक ओळ तिथे असायला हवी, असं माझं आग्रहाचं मत आहे.

पगारपत्रकं महिन्यांच्या क्रमाने लावली. बँकेच्या उताऱ्यात निव्वळ पगार ज्या ज्या तारखेला जमा झाला त्या ओळींखाली रेघ मारली. एकूण पगारातून भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि टीडीएस वजा केला की बरोबर तो निव्वळ आकडा येतो, हे एका पानावर महिन्यागणिक मांडलं. हेच पान सगळ्यात कामाला आलं. अधिकाऱ्याला विश्वास वाटावा असं त्यात काही मोठं नव्हतं, फक्त प्रत्येक बेरीज बँकेच्या नोंदीशी जुळत होती. सोबत कलम २०५ आणि मंडळाच्या दोन्ही पत्रांचा तारखेसह उल्लेख केला. उत्तर सादर केल्यावर एक ट्रान्झॅक्शन आयडी येतो, तो लिहून ठेवला.

पण एवढ्याने भागत नाही, हे या सोयीबद्दल सगळ्यांना माहीत असायला हवं. पोर्टलवर ‘अमान्य’ म्हटलं म्हणजे वसुलीला स्थगिती मिळाली असं होत नाही. उत्तर नोंदवलं जातं, पुढचा निर्णय अधिकारी घेतो. म्हणून तोच संच कागदावर घेऊन आम्ही क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. आपला अधिकारी कोण हे शोधण्यासाठी पोर्टलवर ‘नो युवर एओ’ (एओ म्हणजे आकारणी अधिकारी) अशी लिंक आहे, पॅन टाकला की प्रभाग कळतो. दादाला हाताशी धरून मी नेलं होतं, तो आत जायला कचरत होता. तिथल्या बाईंनी कागद पाहून पहिला प्रश्न विचारला, “काका, हे आधी का नाही दिलंत?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्या समोरच्या नोंदीत दादाकडून आलेली एकही ओळ नव्हती, आणि तेवढंच त्या सांगत होत्या.

पडताळणीला काही काळ गेला. मग कलम १५४ खाली दुरुस्ती झाली, मागणी शून्य झाली, व्याजही तिच्याबरोबर गेलं, आणि वळता केलेला रिफंड परत आला. या दुरुस्तीला मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात मूळ आदेश निघाला ते वर्ष संपल्यापासून चार वर्षं. दादा त्या मुदतीत बसला. आणखी थोडी वर्षं गप्प बसला असता तर कायदा त्याच्या बाजूने असूनही हे सोपं दार बंद झालं असतं. अपिलाचं दार तर कधीच मागे पडलं होतं. आयुक्तांकडे अपील आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला कारण लागतं, आणि ‘मेल उघडला नाही’ हे कारण सांगताना माणूस स्वतःच खाली पाहतो.

मागणीची नोटीस ही एक जात. दुसऱ्या जातीच्या नोटिसा याहून तापट असतात आणि त्या पोर्टलवर वेगळ्या जागी, ‘ई-प्रोसीडिंग्ज’मध्ये सापडतात. हे दोन कप्पे वेगळे ठेवलेत ते मला पटलं नाही. एक पाहून दुसरा रिकामाच असेल असं समजणारे पुष्कळ आहेत. रिटर्न सदोष असल्याची १३९(९) ची नोटीस आली तर १५ दिवस मिळतात. त्यात दोष काढला नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जाऊ शकतं. आकडे बदलण्याचा प्रस्ताव १४३(१)(अ) खाली आला तर उत्तराला ३० दिवस. १४२(१) ची नोटीस माहिती किंवा रिटर्न मागते. तिच्याकडे पाठ फिरवली तर प्रत्येक कसुरीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि अधिकारी कलम १४४ प्रमाणे स्वतःच्या समजुतीने उत्पन्न ठरवून कर आकारू शकतो. बँकेत जमा झालेली रक्कम कुठून आली ते कुणी सांगितलंच नाही, तर ती उत्पन्नात धरली जाण्याची वाट मोकळी होते. घर विकून आलेले पैसे, मुलाने पाठवलेले पैसे, मोडलेली ठेव, हे सगळं सांगणारा माणूस तिथे नसतो.

आणि अगदी शेवटचं टोक. रक्कम मोठी असेल आणि करदाता वर्षानुवर्षं दाद देत नसेल तर प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे जातं. त्याला कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे जंगम आणि स्थावर मालमत्ता जप्त करून विकण्याचे अधिकार आहेत. अटकेचीही तरतूद आहे, पण त्याआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. जाणूनबुजून कर चुकवणाऱ्यावर २७६सी(२) खाली खटला होऊ शकतो, त्यात तुरुंगवासही होऊ शकतो. पगारदाराच्या पन्नास हजारांसाठी कुणी दारात पोलीस घेऊन येत नाही, आणि फोनवर तशी धमकी देऊन लगेच पैसे पाठवायला सांगणारा हमखास भामटा असतो. पण पगारावर टाच येऊ शकते. तीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने पगाराचा जो भाग संरक्षित आहे तो सोडून.

एका गैरसमजाबद्दल लिहायलाच हवं, कारण तो मी अनेकांच्या तोंडी ऐकलाय: “पंचवीस हजारांपर्यंतची थकबाकी सरकारने माफ केलीय.” फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जी घोषणा झाली ती जुन्या मागण्यांपुरती होती. आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या. तीही एका करदात्याला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. त्यानंतरच्या वर्षाची तुमची मागणी उभी असेल तर ती कुणीही माफ केलेली नाही. आणि मी वर जी कलमं लिहिली ती १९६१ च्या कायद्याची आहेत. आयकर कायदा, २०२५ लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, त्यात क्रमांक बदलले आहेत. जुन्या वर्षांच्या नोटिशींवर जुनेच क्रमांक दिसतील, त्याने गोंधळू नये.

सोयीतलं सगळ्यात मोठं उणेपण म्हणाल तर ती तुमच्यापर्यंत पोचते फक्त नोंदवलेल्या ई-मेल आणि मोबाइलच्या वाटेने. पुष्कळ लोकांचं रिटर्न कुणीतरी सल्लागार भरून देतो आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचाच मेल आणि नंबर टाकून ठेवतो. तो सल्लागार बदलला, की नोटिसा त्याच्याकडे जात राहतात आणि तुम्हाला वाटतं सगळं सुरळीत आहे. म्हणून लॉगिन करून ‘माय प्रोफाइल’मध्ये आधी आपला नंबर आणि मेल घाला, सल्लागाराचा दुय्यम म्हणून ठेवा. इंटिमेशनची भाषा ही दुसरी अडचण. दादा मराठी शाळेत शिकलेला, हिशेबाला पक्का माणूस. त्याला आकडे समजत होते, पण त्या रकान्यांचे मथळे समजत नव्हते. ‘आम्हाला तुमचा इतका टीडीएस जमा दिसत नाही, पुरावा असेल तर इथे द्या’ अशी दोन सरळ मराठी वाक्यं वर छापली असती तर त्याने पहिल्याच आठवड्यात उत्तर दिलं असतं, याची मला खात्री आहे.

सनदी लेखापाल लागतो का? मान्य असलेली मागणी भरायला किंवा चलन दाखवायला नाही, ते ज्याला नेटबँकिंग जमतं त्याला जमेल. अपील, फेरआकारणी, १४२(१) असं काही असेल तर जरूर लागतो. अपील करून वसुलीला स्थगिती मागायची तर साधारणपणे वादातल्या मागणीच्या २० टक्के रक्कम भरायला सांगतात, मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या आदेशाप्रमाणे. तिथे काय लिहायचं आणि किती मागायचं हे जाणकाराचं काम आहे.

माझ्याकडून या सोयीला पाचपैकी चार तारे. एक तारा भाषेसाठी आणि त्या दोन वेगळ्या कप्प्यांसाठी कापला.

जाता जाता विधवा बहिणींसाठी आणि आईवडील गमावलेल्या मुलांसाठी. गेलेल्या माणसाच्या नावाने नोटीस आली तर ‘ते आता नाहीत’ म्हणून ती फाडून टाकू नका. कायद्याने वारसदाराला उत्तर द्यावं लागतं, मात्र त्याची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यापलीकडे स्वतःच्या खिशातून नाही. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करता येते. मृत्यूचा दाखला, मृताचा आणि आपला पॅन, वारस असल्याचा पुरावा एवढं लागतं. नोंदणी मंजूर झाली की त्यांच्या नावची थकबाकी, रिफंड आणि नोटिसा आपल्या लॉगिनमधून पाहता येतात आणि तिथूनच उत्तर देता येतं.